अस्रची वीस मिनिटं

दौलतगंजच्या गल्लीत हशमत मामूच्या रफूच्या दुकानापुढं
रिकाम्या पिंपावर कॅरमबोर्ड असायचा.
चौघं खेळत, सहाजण सल्ले देत,
आणि मी, रामबागेतला, शाळेतून परस्पर आलेला,
पावडरचा डबा सांभाळत.

पैज नसायची. पोह्यांचीसुद्धा नाही.
इद्रीस एकदा म्हणाला, हरेल तो कट चहा पाजेल,
तर मामूनं स्ट्रायकर हातातच धरून ठेवला.
"ज्याचा त्यानं प्यायचा.
हरण्याला भाव लागला की खेळ उठून जातो,
नुसता सट्टा बसून राहतो."
मग ज्याचा त्यानं.
माझा तेवढा मामूच्या खात्यावर,
कारण मी खेळत नव्हतो.

ऊन समोरच्या ओट्याची दुसरी पायरी उतरलं की अजान व्हायची.
कुणाचा नेम धरलेला असो,
राणी भोकाच्या ओठावर असो
(इद्रीसची नेमकी तेव्हाच असायची),
मामूचा हात बोर्डावरून उठे,
सुई कापडात टोचून ठेवावी तसा,
उद्या पुढचा टाका तिथूनच घालू, अशा खात्रीनं.
दारातल्या नळाशी कोपरापर्यंत पाणी,
बोटांच्या बेचक्यांतली पावडर
पांढरी होऊन गटाराकडं जायची.
जाताना मला एवढंच,
"भिया, बघ रे."
आणि गल्ली रिकामी.

खंडव्याहून त्याचा जावई यायचा, नवीन नवीन दाढी राखलेला.
बोर्डाकडं पाठ करून बसायचा.
म्हणायचा, अब्बा, उमर कुठं घालवली
याचा हिशोब होणार आहे एक दिवस.
मामूनं चष्मा कपाळावर सरकवला.
"होणार तर. मी सांगेन,
दिवसभर डोळे धाग्यात होते,
तासभर त्यांना लांबचं बघायला बाहेर काढलं.
आणि हाक आल्यावर उठलो की नाही
ते तू सांग. तू शेजारीच होतास."
जावई हसला नाही. पण पुढच्या खेपेला
त्यानं खंडव्याहून पावडरचा मोठा डबा आणला,
कुणाला दाखवला नाही,
फळीवर ठेवून दिला.

माझी ती वीस मिनिटं मी कुणालाच सांगितलेली नाहीत.
सोंगट्या असतात तिथंच. वरची पतंगाएवढी आभाळाची फाक.
मुन्नीबींची शेळी येते, बोर्ड हुंगते, शिंकते.
मी तिला हाकलतो
आणि मग एकटा उभा राहतो
एका थांबलेल्या खेळाजवळ,
जो माझा नाही आणि माझ्याच भरवशावर आहे.

एका मंगळवारी मी मामूची एक सोंगटी सरकवली.
किती? दोन धागे.
इद्रीसच्या काळ्या सोंगटीआडून जरा बाहेर.
तो सतत हरतो, हे मला बघवत नव्हतं.

परत आले सगळे. बाह्या अजून ओल्या.
मामू बसला, चष्मा खाली घेतला
आणि बोर्डाकडं बघितलं,
शालीच्या भोकाकडं बघतो तसं.
एक धागा इकडचा तिकडं झालेला
ज्याला तीस वर्षं अंधारातही कळत आलाय,
तो माणूस.
माझ्याकडं बघितलं नाही.
ती सोडून दुसरीच सोंगटी मारायला घेतली,
अवघड, उलट हातानं,
आणि चुकला. शेवटपर्यंत तिला शिवला नाही.
हरला.
आपला चहा प्यायला, माझा खात्यावर लिहिला.

दुसऱ्या दिवशी अजान झाली.
मी डबा खाली ठेवून निघायच्या बेतात होतो.
"भिया," तो नळाशी वाकून म्हणाला,
"बघ रे."

आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.
वडिलांच्या कोटावर मामूनं केलेला रफू
मी खिडकीत धरून, दिव्याखाली धरून शोधतो,
बाहीवर होता एवढं आठवतं, सापडत नाही.
ते दोन धागे मात्र
डोळे मिटून दाखवीन.